समुद्राच्या तापमापकाचं चरित्र



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते रसायनशास्त्र शिकवत आणि प्रत्येक विधानापाशी विद्यार्थ्यांना थांबवून ‘हे कशावरून?’ असं विचारत, असं संयोजकांनी मला कळवलं. तोच प्रश्न हाताशी धरून मी आज बोलणार आहे. वीस हजार वर्षांपूर्वी विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागराचं पृष्ठभागाचं पाणी आजच्यापेक्षा सुमारे दोन अंश सेल्सियसनं थंड होतं, असं आज शास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा तिथे जहाज नव्हतं, तापमापक नव्हता, नोंद करणारा माणूस नव्हता. मग हे कशावरून?

प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ कोकणपट्टीला झोडपत गुजरातकडे गेलं, आणि अरबी समुद्र तापतो आहे हे वाक्य घराघरात पोचलं. समुद्र तापतो आहे हे खरंच आहे. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020च्या अहवालानुसार 1951 ते 2015 या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी एक अंशानं वाढलं. पण हा एक अंश मोठा की छोटा, हे ठरवायला त्याआधीचा समुद्र माहीत हवा. उपग्रहांची सलग मापनं जेमतेम चार दशकांची. जहाजांवरच्या नोंदी दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे जातात, तेही विरळ होत होत. त्याच्या मागचा सगळा काळ समुद्राच्या तळाशी असलेल्या चिखलात साठवलेला आहे, आणि तो वाचायची किल्ली एका सूक्ष्म जीवाच्या कवचात आहे.

त्या जीवाचं नाव फोरॅमिनिफेरा. प्रयोगशाळेत त्याला नुसतं ‘फोरॅम’ म्हणतात. मीही तसंच म्हणेन. फोरॅम म्हणजे एकच पेशी. पण ती स्वतःभोवती कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे चुन्याच्या दगडाच्याच द्रव्याचं, कवच बांधते आणि वाढेल तसा त्याला एकेक कप्पा जोडत जाते. कवचाच्या छिद्रांतून धाग्यांसारखे छद्मपाद बाहेर काढून ती अन्न पकडते. आकार बहुधा मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा. काही जाती याला अपवाद आहेत. गिझाच्या पिरॅमिडांच्या दगडात मसुरीच्या दाण्यासारखे गोल चपटे जीवाश्म ठासून भरले आहेत, तेही फोरॅमच, न्युम्युलाइट नावाचे. मजुरांच्या जेवणातली उरलेली मसूर दगड होऊन पडली, अशी तिथली समजूत स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे.

बहुतेक फोरॅम तळाशी राहतात. चाळीस-पन्नास जाती मात्र पाण्याच्या वरच्या थरांत तरंगत आयुष्य काढतात, आणि उथळ पाण्यातल्या अनेकींचं आयुष्य असतं साधारण एका चांद्रमासाचं. महिन्याभरात जन्म, कवच, पुनरुत्पादन आणि शेवट. रिकामं कवच मग खाली बसतं. एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता, की तळाच्या पांढुरक्या चिखलात सापडणारी ही कवचं तिथेच जगणाऱ्या जीवांची आहेत की वरून पडलेली. 1872 ते 1876 या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजानं जगभरच्या समुद्रांचा शोध घेतला. त्यावरच्या जॉन मरे यांनी पृष्ठभागाजवळ बारीक जाळी ओढून जिवंत फोरॅम पकडले आणि वाद मिटवला. खुल्या महासागराच्या तळावर हा चिखल हजार वर्षांत काही सेंटिमीटर इतक्या संथपणे साचतो. पृष्ठभागावर घडलेल्या कवचांच्या शेजारीच, तळावर जगणाऱ्या फोरॅमची कवचंही त्याच थरात गाडली जातात. एकाच थरात समुद्राचं छत आणि जमीन दोन्हींची साक्ष मिळते, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळा निकाल तिच्यावर लागणार आहे.

आता रसायनाकडे. ऑक्सिजनचे तीन स्थिर समस्थानिक आहेत. दर दहा हजार अणूंपैकी 9976 अणूंचा वस्तुमानांक 16, सुमारे 20 अणूंचा 18 आणि उरलेल्या चौघांचा 17. रासायनिक वागणूक जवळपास सारखी, पण पूर्ण सारखी नाही. जड अणू सावकाश कंप पावतो, त्यामुळे त्याचा बंध किंचित अधिक घट्ट बसतो. पाणी आणि कार्बोनेट यांच्यात ऑक्सिजनची देवाणघेवाण चालू असते तेव्हा जड ऑक्सिजन पाण्यापेक्षा कार्बोनेटमध्ये थोडा जास्त गोळा होतो. थंड पाण्यात हा कल जास्त असतो, आणि पाणी तापेल तसा तो कमी होत जातो. तापमान एका अंशानं वाढलं की कवचातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण हजारात साधारण 0.2 ते 0.25 इतकं घटतं. म्हणजे दर हजारी एकाचा फरक दिसला तर तो चार ते पाच अंशांचा.

हे गणित मांडणारे हॅरॉल्ड युरी हे जड हायड्रोजनच्या शोधासाठी 1934चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ. 1946 साली झुरिकमध्ये समस्थानिकांवर त्यांचं व्याख्यान झालं. व्याख्यानानंतर पॉल निग्ली या स्फटिकशास्त्रज्ञांनी विचारलं, की समुद्रात बनलेलं कार्बोनेट आणि गोड्या पाण्यात बनलेलं कार्बोनेट ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून वेगळं ओळखता येईल का? युरी परतले, त्यांनी हिशेब केला, आणि तापमानाचा परिणाम किती होतो हे पाहताच आपल्या हाती भूतकाळाचा तापमापक लागल्याचं त्यांना उमगलं. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांना मी फार महत्त्व देतो. आज इथेही तेवढा वेळ ठेवला आहे.

हिशेब कागदावर झाला, पण एक अंश ओळखायचा तर समस्थानिकांचं गुणोत्तर दहा हजारात दोन भाग इतक्या बारकाईनं मोजायला हवं. तेव्हा असं यंत्र नव्हतं. शिकागोत युरींभोवती जमलेल्या गटानं ते घडवलं. आल्फ्रेड नीअर यांच्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या आराखड्यावर चार्ल्स मॅकिनी यांनी काम केलं, सॅम्युअल एप्स्टाइन यांनी रसायन सांभाळलं, हाइन्झ लोवेनस्टॅम यांनी जीवाश्म निवडले आणि राल्फ बुक्सबॉम या प्राणिशास्त्रज्ञानं ठरावीक तापमानाच्या टाक्यांत शंखवर्गीय प्राणी वाढवले. कवच फॉस्फोरिक आम्लात विरघळवायचं, निघालेला कार्बन डायऑक्साइड यंत्रात सोडायचा आणि 44, 45, 46 वस्तुमानाच्या रेणूंची तुलना एका प्रमाणित नमुन्याशी करायची. त्यांचा प्रमाणित नमुना होता दक्षिण कॅरोलायनातल्या पीडी खडकस्तरातला बेलेम्नाइट, म्हणजे माकूळ-म्हाकुळाच्या नात्यातल्या एका लुप्त प्राण्याचा जीवाश्म. तापमानाचा पहिला तक्ता 1951 साली आला आणि 1953 साली त्यांनीच तो दुरुस्त केला.

1951च्या त्या निबंधातलं एक उदाहरण मला अजूनही थक्क करतं. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा ज्युरासिक काळातला एक बेलेम्नाइट त्यांनी आतून बाहेरपर्यंत पातळ थरांत कापला आणि प्रत्येक थराचं तापमान काढलं. आकडे वर-खाली, वर-खाली जात राहिले. उन्हाळे आणि हिवाळे! तो जीव साधारण चार वर्षं जगला, सरासरी साडेसतरा अंशांच्या पाण्यात वाढला आणि वसंत ऋतूत मेला, असं त्यांनी लिहिलं. दीड कोटी नव्हे, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा मृत्यू कोणत्या ऋतूत झाला हे सांगणारं विज्ञान त्याआधी नव्हतं.

पण त्या विधानात एक गृहीतक दडलेलं आहे. कवचातल्या ऑक्सिजनवरून तापमान काढायचं तर ज्या पाण्यात ते घडलं त्या पाण्याचं समस्थानिक प्रमाण माहीत हवं. आजच्या पाण्याचं मोजता येतं. पंधरा कोटी वर्षांपूर्वीचं पाणी कुठून आणायचं? समीकरण एक आणि अज्ञात राशी दोन, तापमान आणि पाणी. या अडचणीचा इतिहास हाच या तापमापकाचा खरा इतिहास आहे, आणि तो सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. या शास्त्रात जे जे तापमानाच्या आड आलं, ते बाजूला सारण्याच्या खटपटीतून पृथ्वीबद्दलचं अधिक मोठं ज्ञान हाती आलं.

चेझारे एमिलियानी मूळचे बोलोन्याचे. युरींच्या प्रयोगशाळेत त्यांनी फोरॅम हाती घेतले. याच सुमारास स्वीडनच्या बोर्ये कुलेनबेर्ग यांनी दट्ट्याचं कोअर-यंत्र तयार केलं होतं. तळात नळी घुसवून, थर न विस्कटता दहा-वीस मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ वर काढता येऊ लागला. 1947-48च्या स्वीडिश ‘अल्बाट्रॉस’ मोहिमेनं असे स्तंभ गोळा करून आणले. एमिलियानींनी त्यांतून आणि इतर काही स्तंभांतून पृष्ठभागावर राहणाऱ्या जाती निवडल्या आणि 1955 साली ‘प्लाइस्टोसीन तापमानं’ हा निबंध छापला. आल्प्स पर्वतातल्या खुणांवरून भूशास्त्रज्ञ तोपर्यंत चार हिमयुगं मोजत होते. एमिलियानींच्या आलेखात त्याहून जास्त चढउतार होते, आणि ते तालात होते. त्यांनी उबदार टप्प्यांना विषम आणि थंड टप्प्यांना सम क्रमांक दिले. आपण आज पहिल्या टप्प्यात आहोत. ते क्रमांक जगभर अजून वापरले जातात.

कॅरिबियन समुद्र हिमयुगात सुमारे सहा अंशांनी थंड होता, हा त्यांचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. कारण पाण्यात होतं. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन अधिक निसटतो. ध्रुवांकडे जाता जाता ढगांतून जड ऑक्सिजन आधी गळतो आणि तिथे पडणारा बर्फ फार हलका असतो. हिमयुगात असा हलका बर्फ उत्तर अमेरिका आणि युरोपवर किलोमीटरांच्या जाडीनं साचला, समुद्राची पातळी 120 मीटरहून अधिक खाली गेली आणि उरलेलं समुद्राचं पाणी जड झालं. म्हणजे पाणी जराही थंड न होता कवच जड झालं असतं. एमिलियानींना हे माहीत होतं. त्यांनी त्यासाठी हजारी 0.4 ची वजावट धरली होती. ती कमी पडली, कारण बर्फ त्यांनी धरला होता त्याहून कितीतरी हलका होता.

हे दाखवलं केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यांनी, 1967 साली ‘नेचर’मध्ये. त्यांचं शिक्षण भौतिकशास्त्रातलं, आवड क्लॅरिनेटची. वाद्यांचा त्यांचा संग्रह नावाजलेला होता. त्यांनी मास स्पेक्ट्रोमीटर असा सुधारला की अगदी थोड्या कवचांतूनही उत्तर मिळावं, कारण त्यांना मोजायचे होते तळावर राहणारे फोरॅम, आणि ते थरात मोजकेच असतात. तर्क साधा होता. खोल समुद्राचं पाणी आजच एक-दोन अंशांवर आहे आणि समुद्राचं पाणी उणे दोन अंशांच्या आसपास गोठतं. त्याला आणखी थंड व्हायला जागाच फारशी नाही. तरीही तळाच्या कवचांतला चढउतार जवळपास पृष्ठभागाच्या कवचांएवढाच निघाला. तापमानानं तो होऊ शकत नव्हता. म्हणजे त्यातला मोठा वाटा पाण्याचा, पर्यायानं जमिनीवरच्या बर्फाचा. तापमापक म्हणून हाती घेतलेलं साधन जगातला बर्फ तोलत होतं.

एमिलियानी हे सहजासहजी मान्य करणारे नव्हते. वाद बरीच वर्षं चालला. मला त्यात दोघांचाही मोठेपणा दिसतो. एमिलियानींचं तापमान चुकलं, पण त्यांनी पाहिलेला ताल अचूक होता. आणि शॅकल्टन बरोबर ठरले तरी पूर्ण नव्हेत. 1996 साली डॅनिएल श्राग आणि सहकाऱ्यांनी तळाच्या गाळातल्या छिद्रांत अडकून राहिलेलं हिमयुगातलं पाणी मोजलं, तेव्हा बर्फाचा वाटा हजारी एकाच्या जवळ आला. तळाच्या कवचांतला उरलेला फरक तापमानाचाच होता. खोल समुद्र हिमयुगात खरोखर गोठणबिंदूच्या जवळ जाऊन पोचला होता.

बर्फाचं मोजमाप सगळ्या महासागरांत एकाच वेळी बदलतं, त्यामुळे अटलांटिकचा स्तंभ आणि पॅसिफिकचा स्तंभ एकमेकांशी जुळवता येऊ लागले. 1976 साली जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन स्तंभांवरून साडेचार लाख वर्षांचा आलेख तयार केला आणि त्याचं वारंवारतेनुसार पृथक्करण केलं. त्यात सुमारे एक लाख, बेचाळीस हजार, तेवीस हजार आणि एकोणीस हजार वर्षांचे ताल निघाले. पृथ्वीची कक्षा, तिच्या आसाचा कल आणि त्या आसाचं भ्रमण यांचे हेच ताल सर्बियाचे मिलुटिन मिलानकोविच यांनी हातानं गणितं करून वर्तवले होते. ते 1958 साली वारले. सिद्ध झालेलं पाहायला ते नव्हते. तो पुरावा आपल्या महासागराच्या दक्षिणेकडच्या चिखलातून आला, हे आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवं.

तरीही तापमानाचा प्रश्न उरलाच. दोन अज्ञात राशींना दुसरं समीकरण हवं होतं. ते मॅग्नेशियमनं दिलं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या पाचपट मॅग्नेशियम आहे, पण फोरॅम आपल्या कवचात ते जवळपास येऊच देत नाही. पाण्यातल्या प्रमाणाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकंच आत शिरतं. पाणी जितकं उबदार, तितकं जास्त शिरतं, आणि वाढ मोठी असते, दर अंशाला सुमारे नऊ टक्के. सरगासो समुद्रात पाण्यात टांगलेल्या सापळ्यांत पडणारी कवचं गोळा करून पल्लवी आनंद, हॅरी एल्डरफील्ड आणि मॉरीन कॉन्टे यांनी 2003 साली हे नातं पक्कं केलं. त्यांच्या सूत्रानं हिशेब केला तर 25 अंशांच्या पाण्यात एक मोल कॅल्शियममागे सुमारे 3.6 मिलिमोल मॅग्नेशियम येतं आणि 28 अंशांना सुमारे 4.7. तीन अंशांत एवढी तफावत असेल तर ती यंत्रातून निसटत नाही. शिवाय समुद्रात मॅग्नेशियम कोट्यवधी वर्षं टिकतं आणि कॅल्शियम दहा लाखांच्या आसपास, त्यामुळे हिमयुगांच्या कालमापावर पाण्यातलं त्यांचं प्रमाण स्थिर धरता येतं. बर्फ वाढो की वितळो, त्यानं हे गुणोत्तर हलत नाही.

या कामात किती चिकाटी लागते ते सांगितलंच पाहिजे. गाळ चाळणीतून धुवायचा. साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरची कवचं वेगळी करायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या तबकात ती पसरून, ओल्या केलेल्या अगदी बारीक कुंचल्याच्या टोकानं हव्या त्या एकाच जातीची एकेक उचलायची, आमच्या आया-आज्या सुपात तांदूळ निवडत तशी. आकार एकसारखा हवा, जात एक हवी, कारण प्रत्येक जात वेगळ्या खोलीवर आणि वेगळ्या ऋतूत वाढते. वीस-पन्नास कवचं जमली की ती हलकेच दोन काचांमध्ये चेपून उघडायची, कप्प्यांतली चिकणमाती पाण्यानं आणि मिथेनॉलनं पुन्हा पुन्हा धुवायची, सेंद्रिय द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइडनं जाळायचं आणि शेवटी अतिसौम्य आम्लाचा एक हात. चिकणमातीत मॅग्नेशियम भरपूर असतं. तिचा कण राहिला तर समुद्र नसलेल्या उबेनं उबदार दिसतो. आणि आम्ल जास्त झालं तर कवचच जातं.

हे दुसरं समीकरण मिळाल्यावर जुना एक वाद पुन्हा उघडला. 1970च्या दशकात ‘क्लाइमॅप’ या मोठ्या प्रकल्पानं फोरॅमच्या जातींच्या संख्यांवरून हिमयुगातल्या महासागरांचा नकाशा काढला होता. त्यानुसार उष्णकटिबंध जवळजवळ थंड झालाच नव्हता. पर्वतांवरच्या हिमरेषा मात्र खाली उतरलेल्या होत्या. दोन्ही खरं कसं असेल? 2000 साली डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी मॅग्नेशियमवरून विषुववृत्तीय पॅसिफिक सुमारे 2.8 अंशांनी थंड होता असं दाखवलं. आणि 2005 साली गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या राजीव सरस्वत, राजीव निगम आणि सहकाऱ्यांनी विषुववृत्तीय हिंदी महासागरातल्या गाळाच्या स्तंभावर हीच पद्धत चालवली. ग्लोबिजेरिनॉइडीस रुबर या जातीची कवचं घेऊन त्यांनी सुमारे एक लाख सदतीस हजार वर्षांचं तापमान काढलं. सुरुवातीला मी जे दोन अंश म्हटले, ते इथून आले.

मला स्वतःला याहून मोलाची वाटते ती पुढची पायरी. मॅग्नेशियमनं तापमान दिलं. ते ऑक्सिजनच्या समीकरणात घातलं की पाणी उरतं. त्यातून जगभरच्या बर्फाचा वाटा वजा केला की त्या ठिकाणच्या पाण्याचं स्वतःचं वेगळेपण उरतं, आणि आपल्याकडे ते वेगळेपण म्हणजे मान्सून. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी येतं, पाऊस पडतो. हे गोडं पाणी समस्थानिकांनी हलकं असतं. अरबी समुद्रात बाष्पीभवन पावसावर मात करतं, तिथलं पाणी खारट आणि जड. तेव्हा एकाच कवचातून आपण उष्णता आणि पाऊस दोन्ही वाचू शकतो. ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ हे खोदकाम करणारं जहाज 2014-15च्या हिवाळ्यात बंगालच्या उपसागरात आणि 2015च्या मार्च ते मे महिन्यांत अरबी समुद्रात, मुंबई-गोव्याच्या पश्चिमेकडच्या लक्ष्मी खोऱ्यात उतरलं, ते मान्सूनचा असा दीर्घ इतिहास मिळवण्यासाठी. दुसऱ्या मोहिमेचं सहनेतृत्व गोव्याच्या ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रातले धनंजय पांडे यांच्याकडे होतं.

इथे सावध करणारी एक गोष्ट सांगतो. ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मान्सूनचे वारे पृष्ठभागाचं पाणी बाजूला ढकलतात आणि खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. त्या थंडाव्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडीस ही जात फोफावते. म्हणजे तिथलं थंड तापमान जोरदार मान्सूनचं लक्षण आहे, थंड जगाचं नव्हे. आकडा कुठल्या पाण्यातला आहे हे न विचारता तो वापरला की सगळा अर्थ उलटा होतो.

कवच तळाशी पडल्यावरही गप्प बसत नाही. फार खोल पाण्यात ते विरघळू लागतं, आणि मॅग्नेशियमनं समृद्ध भाग आधी जातो, म्हणून समुद्र होता त्यापेक्षा थंड दिसतो. कोट्यवधी वर्षांत तळाच्या थंड पाण्यात कवचाचं पुन्हा स्फटिकीकरण होतं. बाहेरचा आकार तोच राहतो आणि आतलं रसायन बदलतं. इओसीन काळात ध्रुवांजवळ ऊब होती, पण उष्णकटिबंध मात्र आजच्याहून थंड निघत होता, आणि हवामानाची प्रारूपं त्याचा उलगडा करू शकत नव्हती. 2001 साली पॉल पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या चिकणमातीत काचेसारखी पारदर्शक राहिलेली कवचं शोधली. त्यांनी दिलेली तापमानं 28 ते 32 अंश होती. कोडं समुद्रात नव्हतं, खराब झालेल्या कवचांत होतं.

पाणीच माहीत नसेल तर काय, या मूळ अडचणीवर अलीकडे एक तिसरी वाटही निघाली आहे. जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकाच कार्बोनेटमध्ये शेजारी येऊन जोडी करण्याचं प्रमाण तापमानावर अवलंबून असतं, पाण्याच्या समस्थानिकांवर नाही. हे प्रथम मांडणाऱ्या 2006च्या निबंधाचे पहिले लेखक प्रोसेनजित घोष. ते काम त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत केलं आणि पुढे ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. या पद्धतीला नमुना जास्त लागतो, त्यामुळे इवल्या फोरॅमवर ती चालवणं कष्टाचं आहे.

आता सुरुवातीच्या तुलनेकडे. हिमयुगाच्या शेवटी विषुववृत्तीय हिंदी महासागर दोन अंशांनी तापायला काही हजार वर्षं लागली. आपण पासष्ट वर्षांत एक अंश पाहिला. इतका वेग पूर्वी कधीच नव्हता, असं मी या चिखलाच्या जोरावर म्हणणार नाही. तळावरचे कृमी वरचा काही सेंटिमीटरांचा गाळ ढवळत राहतात, आणि हजार वर्षांत तीन सेंटिमीटर साचणाऱ्या गाळात शंभर वर्षांची घटना विरून जाते. पाकिस्तानच्या किनाऱ्यालगत, जिथे तळाशी ऑक्सिजन नसल्यानं कृमीच नाहीत, तिथे पातळ थर शाबूत मिळतात, पण अशा जागा थोड्या. प्रत्येक आकड्यामागे एखाद्या अंशाची अनिश्चितताही असते. म्हणता येतं ते एवढं: एक-दोन अंश हा समुद्रासाठी क्षुल्लक फरक नाही. दोन अंशांच्या त्या फरकाच्या एका टोकाला खंडांवर बर्फ होता, समुद्र 120 मीटर खाली होता आणि मान्सून क्षीण होता. हे मला पुरेसं गंभीर वाटतं, आणि ज्यांनी आपल्या साधनाच्या मर्यादा स्वतःच शोधून छापल्या त्यांच्या या विधानावर मी विश्वास ठेवतो.

शेवटी इथे बसलेल्या रसायन, प्राणिशास्त्र आणि भूशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. हे तीन विषय आपल्या महाविद्यालयांत तीन वेगळ्या खोल्यांत शिकवले जातात, आणि हे काम तिघांशिवाय होत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या वाळूत आणि खाड्यांच्या गाळात तळावर राहणारे फोरॅम आहेत. ते पाहायला मास स्पेक्ट्रोमीटर लागत नाही, एक बारीक चाळणी आणि साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. मुलांना किनाऱ्यावर न्या, मूठभर गाळ आणा, धुवा, निवडा, जाती ओळखायला शिकवा. आणि प्रत्येक नमुन्याच्या पिशवीवर जागा, तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि त्या दिवशी तापमापकानं मोजलेलं पाण्याचं तापमान न चुकता लिहून ठेवा.